अक्काचा होकार

७ फेब्रुवारी

ती. अक्कास,

गप्प्यादादा गेला. परवा दुपारी डॉक्टरांनी तो मेंदूने मृत झाल्याचं सांगितलं, आणि काही तासांनी दुसऱ्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या पहिल्यापासून करून त्याला दुजोरा दिला. अंत्यविधी काल झाला. तुला हे तुझ्या शेजारच्या ड्रिलबाईंकडून कळलं आहेच. पण त्या ओरडून किती सांगणार आणि त्यातलं तुझ्या कानापर्यंत किती पोचणार, म्हणून क्रमाने लिहितो.

तो एका नऊ मजली इमारतीच्या गच्चीवर होता, लिफ्टच्या मशीनरूममध्ये. दुरुस्ती संपली होती. हत्यारं पुसून पेटीत ठेवत होता. जोडीदाराला म्हणाला, "डोकं धरलंय." त्याच्या मानाने हे भाषणच. मग भिंतीला टेकून बसला तो परत उठला नाही. मेंदूत रक्तस्राव. हॉस्पिटलात आणलं तेव्हापासून व्हेंटिलेटरवरच होता.

जोडीदार दिवसभर तिथे बसून होता. म्हणाला, इतकी वर्षं बरोबर काम केलं पण हा माणूस माझ्याशी धड दोन वाक्यं बोलला नाही. लिफ्टमध्ये कोणी अडकलं की मात्र बोलायचा. वरून वाकून सांगत राहायचा, "घाबरू नका, मी वर आहे. आता हलेल हं, दचकू नका." लिफ्ट चालू झाली की याचं तोंड बंद.

दुसऱ्या तपासणीनंतर हॉस्पिटलातल्या एक बाई आल्या. अवयवदानाच्या समन्वयक. त्यांनी विचारलं, ते कधी याबद्दल काही बोलले होते का? दादा कशाबद्दलच बोलला नव्हता. बायको नाही, मुलं नाहीत. जवळचे म्हणजे तू आणि मी. म्हणून ड्रिलबाईंना फोन लावला. त्यांनी तुला प्रश्न विचारला आणि मागून तुझा आवाज मी स्वतः ऐकला, "दे, दे." लगोलग ड्रिलबाईही म्हणाल्या, "अक्का दे म्हणतायत." एकच गोष्ट दोन तोंडांनी. आमच्या बातम्यांच्या डेस्कवर यापेक्षा जास्त खात्री कोणी मागत नाही. मी सही केली.

पाय प्लास्टरमध्ये, गाव लांब, समोर कोणी नाही, आणि तरी तू क्षणात उत्तर दिलंस. समन्वयकबाई म्हणाल्या, अशी बहीण क्वचित असते. मी म्हटलं, आमची अक्का अशीच आहे.

दादाची खोली अजून उघडलेली नाही. किल्ली माझ्याकडे आहे.

तुझा,
धाकटा


१३ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,

पत्र मिळालं. बातमी वाचावी तसं वाचलं, कारण तू लिहिलंच आहेस तसं. त्यात एक दुरुस्ती आहे.

मी ‘दे’ म्हटलं ते फोनला.

ड्रिलबाई फोन कानाला लावून धावत आली. मी तोंडाकडे बघून शब्द पकडते हे तुलाही माहीत आहे आणि तिलाही. पण ती उजेडाकडे पाठ करून उभी राहिली. एवढी शाळेच्या मैदानावर ड्रिल घेताना गरजलेली बाई, पण त्या दिवशी तिचा आवाज फाटला होता. मला एकच शब्द कळला, ‘डोळे’. गप्प्याला हॉस्पिटलात नेलंय हे आदल्या दिवशी कळलेलं होतं. मग ‘डोळे’च्या पुढे काय येणार? डोळे मिटले. मी हात पुढे केला. ‘दे, दे’ म्हटलं, म्हणजे फोन इकडे दे, मला धाकट्याशी बोलायचंय. ती फोनमध्ये काहीतरी बोलली आणि तिने फोन बंद केला. मी म्हटलं, अगं, मला का नाही दिलास? तर म्हणे, तुला ऐकू कुठे येतं?

ऐकू येत नाही, पण बोलता येतं ना मला. मी काय बोलले असते ते आज सांगता येणार नाही. पण ते ‘दे’ नसतं.

तुझ्या समन्वयकबाईंना सांग, अशी बहीण क्वचितही नसते, मुळीच नसते.

आता काय काय काढलं ते लिही. ‘अवयव’ लिहू नकोस. अवयव म्हणजे काही नाही. एकेकाचं नाव लिही. आणि गुळगुळीत करून लिहू नकोस. तू लोकांच्या बातम्या सारख्या करतोस, माझ्या भावाची करू नकोस.

अक्का


१९ फेब्रुवारी

ती. अक्कास,

दोन किडन्या, लिव्हर आणि दोन्ही डोळ्यांवरचे पारदर्शक पडदे. समन्वयकबाईंनी हे आज सकाळी प्रत्यक्ष भेटीत पुन्हा सांगितलं. हृदय घेतलं नाही. ते दुसऱ्याला बसवण्याजोगं नाही असं डॉक्टरांचं मत पडलं. डोळे पूर्ण काढत नाहीत, पुढचा पातळ पडदा तेवढा काढतात. पापण्या नीट मिटलेल्या होत्या. चेहऱ्यात काही फरक नव्हता. पोटावर टाके होते. तू असतीस तर आधी तेच बघितले असतेस, म्हणून मी बघितले. सरळ रेषेत होते, सारख्या अंतरावर.

तुला काळजी असेल की त्याच्या देहाची हेळसांड झाली. झाली नाही. अंत्यविधीला न्यायला आलेल्या माणसांनी त्याला आधी अंघोळ घातली, मग कपडे चढवले, मगच मला आत बोलावलं.

तुझ्या दुरुस्तीबद्दल. ती वाचून मी तडक हॉस्पिटलात गेलो आणि बाईंना विचारलं, आता काय करायचं? त्यांनी फाईल काढून सहीचा कागद पाहिला. मग म्हणाल्या, नियमाने तुमची एकट्याची सही पुरेशी होती, तुमच्या बहिणीचा शब्द कागदावर कुठेच नाही. म्हणजे तुझा ‘दे’ कागदाला लागत नव्हता. मला लागत होता.

चुकीचं छापलं गेलं की आम्ही दुसऱ्या दिवशी त्याच पानावर खुलासा देतो. इथे पान कुठलं तेच मला कळत नाही. तू रागावली आहेस ते बरोबर आहे. आणखी रागवायचं असेल तर लिही, पण लिही.

धाकटा


२५ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,

टाक्यांचं लिहिलंस ते बरं केलंस. पण मला काळजी टाक्यांची नव्हती. शिवणाऱ्या बाईला टाक्यांची भीती नसते.

ड्रिलबाईशी माझं बोलणं बंद आहे. ती दारातून हाका मारते, मी ऐकू येत नाही असं दाखवते. त्यात खोटं फारसं नाही. काल तिने शाळेतली जुनी पाटी आणून दाराला टेकवून ठेवली. त्यावर खडूने लिहिलेलं: ‘फोन आला तेव्हा त्याचं हृदय चालू होतं. धाकट्याने मला सांगितलं होतं, मी तुला सांगितलं नाही. चिडायचं तर त्यावर चिड.’

मी पाटी पुसली नाही. अजून तशीच आहे.

तेव्हा आता सरळ विचारते. मी हात पुढे केला तेव्हा गप्प्याचं हृदय चालू होतं की नव्हतं? अंग गरम होतं का? छाती वरखाली होत होती का? होत असेल तर त्याला ‘गेला’ कुणी ठरवलं? तुमच्या डेस्कवर असा माणूस गेला म्हणून छापतात का? मी इथे पाय पसरून पडद्यांना झालर लावत बसले होते आणि तिकडे त्याची छाती हलत होती. हे खरं असेल तर मला काय वाटत असेल ते तुला कुणी वेगळं सांगायला नको.

आणि आणखी एक. गप्प्याला कुणी अंगाला हात लावलेला खपायचा नाही. केस कापायला नेलं तरी खुर्चीत आक्रसून बसायचा. आई अंथरुणाला खिळली तेव्हा त्याला अंघोळ मी घातली आहे, तुला तेव्हा दातसुद्धा नव्हते. तू त्याला विचारलं असतंस तर तो बोलला नसता, नुसती मान हलवली असती. नाही म्हणून.

लिफ्टमध्ये अडकलेल्या लोकांशी तो बोलायचा, हे मला ठाऊक नव्हतं. मला त्याचा थोडा रागच आला. माझ्याशी बोलायचं म्हणजे मी कुठे अडकायला हवं होतं?

अक्का


४ मार्च

ती. अक्कास,

अंग गरम होतं. छाती वरखाली होत होती. हृदय चालू होतं. हे तिन्ही खरं आहे, आणि तो गेलेला होता हेही खरं आहे. दुसरी तपासणी ज्या डॉक्टरीणबाईंनी केली त्यांच्यासमोर आज पुन्हा जाऊन बसलो आणि तुझं पत्रच वाचून दाखवलं. त्यांनी पेन खाली ठेवून उत्तर दिलं. ते त्यांच्या शब्दांत देतो.

श्वास तो घेत नव्हता, मशीन भरत होतं. हृदयाला हवा मिळत राहिली की ते काही काळ आपल्याआपण चालतं, त्याला मेंदूचा हुकूम लागत नाही. पण मेंदूत रक्त जाणंच थांबलं होतं. "ही बेशुद्धी नव्हे," असं त्या पुन्हा पुन्हा म्हणाल्या. बेशुद्ध माणूस परत येऊ शकतो, म्हणून त्याच्यासाठी त्या महिनोन् महिने झगडतात. इथे परत यायला आत कोणी उरलेलं नसतं. आणि ‘गेला’ हे ठरवणारे डॉक्टर वेगळे असतात, अवयव काढणारे वेगळे. ठरवणाऱ्यांना दुसऱ्या कामात हात घालायची परवानगीच नसते.

हे ऐकलेलं झालं. आता पाहिलेलं सांगतो. तपासणीच्या शेवटी मशीनचा श्वास थांबवतात आणि माणूस आपला श्वास घेतो का ते बघतात. मला काचेबाहेर उभं राहू दिलं होतं. मी त्याच्या छातीकडे बघत होतो. बघता बघता मीही श्वास धरला. थोड्या वेळाने मला तो सोडावा लागला. त्याला लागला नाही. डॉक्टरीणबाई घड्याळाकडे आणि त्याच्याकडे बघत कितीतरी वेळ तशाच उभ्या होत्या. छाती हलली नाही. अक्का, माझ्या लेखी तो तेव्हा गेला. ते तू पाहायला हवं होतंस. पाहिलं असतंस तर हे पत्र लिहावं लागलं नसतं. फोन मी त्यानंतर केला, आधी नाही.

आता पहिल्या पत्रात जे मी गाळलं ते लिहितो. फोन करण्याआधी मी समन्वयकबाईंना ‘नाही’ सांगून मोकळा झालो होतो.

कारण विचारलंस तर सांगण्यासारखं नाही. ‘नाही’ म्हटलं की काही करावं लागत नाही, इतकंच. बाईंनी आग्रह केला नाही. "ठीक आहे," म्हणाल्या, आणि जाता जाता, "बहिणीला एकदा विचारून बघता का?" मला वाटलं, तू नाहीच म्हणशील. मग माझ्या नकाराला दुजोरा मिळेल आणि मला पुढे कधी त्याचा विचार करावा लागणार नाही. मी फोन केला तो त्यासाठी. आणि ‘दे’ ऐकल्यावर मला स्वतःची एवढी लाज वाटली की मी पुन्हा विचारायलाही थांबलो नाही.

म्हणजे नकार दोन होते. मधे एक फोन आला.

शेवटी, पुढचं काय झालं ते. माहिती समन्वयकबाईंची; नावं सांगायची त्यांना मुभा नाही. एक किडनी बसवल्या दिवसापासून काम करते आहे. दुसरी काही दिवस रुसून बसली होती, आता तीही सुरू झाली. एका डोळ्याची पट्टी निघाली, दुसरी निघायची आहे. लिव्हर ज्या गृहस्थांना बसवलं ते वाचले नाहीत. हे तुला कळवू नये असं माझ्या घरच्यांचं मत पडलं. पण गुळगुळीत लिहू नकोस असं तूच बजावलं होतंस.

धाकटा


१८ मार्च

चि. धाकट्यास,

पायाचं प्लास्टर निघालं. हाड जुळल्याचं डॉक्टरांनी सांगितलं आणि जिना उतरल्यावर पायाने त्याला दुजोरा दिला. बघ, मलाही जमतं.

तुझं पत्र आल्यावर मी लगेच उत्तर दिलं नाही. तू ‘नाही’ म्हणाला होतास हे वाचून मला बरं वाटलं, आणि मग बरं वाटलं म्हणून वाईट वाटलं. शिवायला बसले तर मशीन नुसतं पुढे पळायचं, कापड कुठे चाललंय ते कळायचं नाही. म्हटलं, हे बसून सुटणार नाही. जाऊन बघावं.

इथल्या हॉस्पिटलात डायलिसिसचा वॉर्ड आहे. पण ‘बघायला आले’ म्हटल्यावर आत कोण सोडणार? मी टेप गळ्यात टाकला आणि दारावरच्या नर्सला सांगितलं, पडद्यांचं माप घ्यायला आले आहे. ती म्हणाली, "बरं झालं बाई आलात, केव्हापासून सांगतोय वर." सरळ आत. ड्रिलबाई बरोबर होती. हो, बोलणं सुरू झालं आहे. आधी तिने माफी मागितली, मग मी. तिची माफी पूर्ण जिन्याने ऐकली.

लांब खोली, दोन्ही बाजूंना खुर्च्या, प्रत्येक खुर्चीशेजारी कपाटाएवढं मशीन. नळीतून रक्त बाहेर येतं, मशीनमध्ये धुतलं जातं आणि दुसऱ्या नळीतून परत जातं. सुई टोचलेला हात कोणी हलवत नाही. कोपऱ्यातला टीव्ही मुका करून ठेवलेला. मला ती जागा फार सोयीची वाटली, सगळेच माझ्यासारखे तोंडाकडे बघत होते.

खिडकीजवळ एक टपाल कचेरीतली बाई होती, मोकळ्या हाताने शब्दकोडं सोडवत. मी खिडकीचं माप घेता घेता विचारलं, तुमचं कधीपासून? ती म्हणाली, "मुलगी बालवाडीत होती तेव्हापासून. आता तिला मिशीवाला मित्र आहे." मग म्हणाली, "मावशी, खुर्च्यांच्या मधे मात्र पडदे नका हं लावू. एकमेकांची तोंडं दिसतात तेवढंच."

समोरचा टॅक्सीवाला म्हणाला, "लावा हो मावशी. रोज हिचंच तोंड बघायचं म्हणजे दुसरा आजार."

"तुझं बघून मला झालाय तो आधी बरा होऊ दे."

हे सगळं ड्रिलबाई मला मोठ्याने पुन्हा सांगत होती, त्यामुळे प्रत्येक विनोद वॉर्डाने दोनदा ऐकला.

मग मी म्हटलं, माझ्या भावाच्या दोन्ही किडन्या दिल्या. हळू बोलले होते असं मला वाटलं. पण माझा आवाज मला कुठे कळतो? खोलीतली सगळी डोकी वळली. टपालवाल्या बाईने पेन्सिल खाली ठेवली. "तुम्ही दिल्यात?"

मी म्हटलं, नाही. मी नाही म्हणणार होते.

 मी विचारलं, लोक नाही म्हणतात त्याचा तुम्हाला राग येतो का? ती म्हणाली, "कुणाचा? कोण नाही म्हणालं ते आम्हाला कळतंच कुठे? आमचा फोन वाजत नाही, एवढंच कळतं."

टॅक्सीवाला म्हणाला, "माझा वाजला होता एकदा. निघा म्हणाले. निघालो. अर्ध्या वाटेत पुन्हा फोन, परत जा, त्यांच्या घरच्यांनी विचार बदलला."

"मग?"

"मग काय. गाडी वळवली. मागे गिऱ्हाईक नव्हतं ते बरं."

तो हसला, म्हणून मीही हसले. घरी आल्यावर ते हसू मला बोचायला लागलं. त्या घरच्यांनी काही वाईट केलं असं मला अजूनही म्हणवत नाही. त्यांची जागा मला माहीत आहे, मी तिथेच उभी होते. पण त्या जागेवरून ती टॅक्सी दिसत नाही.

लिव्हरवाल्या गृहस्थांचं कळवलंस ते चांगलं केलंस. ओळखदेख नाही, तरी आपलं कोणी गेल्यासारखं वाटलं. त्यांच्या घरच्यांचा पत्ता असता तर दोन ओळी लिहिल्या असत्या.

एवढ्याने माझा होकार झाला असं समजू नकोस. पडद्यांचं काम मात्र मिळालं. खोटं सांगून मिळालेलं काम म्हणून जरा जास्तच नीट करते आहे.

अक्का


२६ मार्च

ती. अक्कास,

मी काल अवयवदानासाठी नाव नोंदवलं. दुजोरा बायकोचा आहे, नाइलाजाने दिलेला.

आधी ती म्हणाली, "तुमचं घेणार कोण? लिव्हर प्रेसच्या चहात शिजलेलं आणि डोळे प्रुफं वाचून केव्हाच संपलेले." मी तिलाच समन्वयकबाईंकडे घेऊन गेलो. बाई म्हणाल्या, वय काय, चष्मा काय, ते तुम्ही ठरवू नका. त्या वेळी काय चालण्यासारखं आहे ते डॉक्टर बघतील. बायको म्हणाली, "म्हणजे एवढ्या वर्षांनी कुणाला तरी यांच्यात चालण्यासारखं सापडेल."

बाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती तुला उपयोगी आहे. नोंदणीचं कार्ड म्हणजे माझं म्हणणं. पण वेळ येते तेव्हा मी बोलू शकत नसतो. तेव्हा समोर बसवून विचारतात ते घरच्यांना. कार्ड पाकिटात असलं आणि घरच्यांना त्याचा पत्ता नसला, तर ते गोंधळतात, आणि गोंधळलेला माणूस नाही म्हणतो. माझं तसंच झालं होतं. म्हणून काल जेवताना मुलाला आणि सुनेला सांगून टाकलं. मुलगा म्हणाला, "बाबा, जेवताना काय हे?" मी म्हटलं, एरवी आपण एकत्र असतो कधी? सून म्हणाली, "बरं, कळलं. अभद्र विषय संपला असेल तर पाणी द्या इकडे." पण तिने ऐकलं. मी तिच्याकडे बघत होतो.

आता तुला विचारतो. तो वॉर्ड तू पाहिलास. टपालवाल्या बाईंशी बोललीस. त्या दिवशी हे तुला माहीत असतं तर तू काय म्हणाली असतीस? मला दादाची खोली रिकामी करायची आहे, घरमालकाने सांगितलं आहे. दोनदा दारापर्यंत जाऊन आलो. तू हो म्हणालीस तर कुलूप काढीन. झालेली चूक मग चूक राहणार नाही. मी तुझ्याकडे एवढंच मागतो आहे.

धाकटा


५ एप्रिल

चि. धाकट्यास,

त्या दिवशी मी नाहीच म्हटलं असतं. ड्रिलबाई उजेडात उभी राहिली असती, मला शब्दन् शब्द कळला असता, तरी नाही. आता तुझं कुलूप निघावं म्हणून त्या नाहीचं हो करून देणार नाही. तुझ्या पेपरात तू दुसऱ्याच्या तोंडी खोटं वाक्य घालत नाहीस. माझ्या तोंडीही घालू नकोस.

पण मागच्या एका पत्रात मीही तेच केलं आहे. गप्प्या मान हलवून नाही म्हणाला असता, असं मी लिहिलं. ती मान त्याची नव्हती, माझी होती. तो काय म्हणाला असता ते तुला माहीत नाही, मला माहीत नाही. त्याने सांगितलं नाही आणि आपण विचारलं नाही. घरात तीन भावंडं, आणि एवढा एक प्रश्न कुणी कुणाला विचारला नाही.

तेव्हा तुझी चूक ही चूकच राहू दे. तिच्यातून चांगलं निघालं म्हणून ती बरोबर होत नाही. आणि चूक होती म्हणून त्या दोन माणसांच्या अंगातल्या किडन्या काही खोट्या होत नाहीत. त्या चालू आहेत. मला त्याचा आनंद आहे, आणि तो मी तुझ्यापासून लपवणार नाही. हे दोन्ही घेऊन खोलीत जा. आत गेल्यावर खिडकी आधी उघड, इतके दिवस बंद आहे. त्याची हत्यारं त्याच्या जोडीदाराला दे. कपडे मला पाठव, उसवलेले मी नीट करीन, मग ज्याला होतील त्याला देईन.

आता माझं. मी नाव नोंदवलं. ड्रिलबाईनेही नोंदवलं, पण तिचं मला विशेष नाही. ती रांग दिसली की उभी राहते. मी का नोंदवलं? गप्प्याची भरपाई म्हणून नाही. मला एवढंच कळलं की हा प्रश्न कुणाला ना कुणाला विचारला जाणार, आणि तो सगळ्यात वाईट वेळेला विचारला जाणार. उत्तर आधी ठरलेलं असलं तर त्या माणसाला ते फक्त सांगावं लागतं, शोधावं लागत नाही. तुला शोधावं लागलं. तू माझ्याकडे शोधलंस, आणि माझा हात फोनसाठी पुढे आला होता.

माझ्या बाबतीत विचारतील ते लेकीला. तिला पत्राने कळवलं तर तिने ड्रिलबाईच्या फोनवर फोन केला. बाई या वेळी माझ्यासमोर, उजेडात तोंड करून बसली आणि दोन्हीकडचं बोलणं शब्दाशब्दाला थांबून सांगत होती. लेक म्हणाली, "आई, तुझं काहीतरी भलतंच. तुला काय होणार आहे?" मी म्हटलं, होणार ते सगळ्यांचं होतं. मला नाही, तुला विचारतील, ते सांगते आहे. ती म्हणाली, "मग मी नाही म्हणेन. माझ्याच्याने नाही व्हायचं ते." मी म्हटलं, बरं. पण ते फोनवर नको. माझ्यासमोर बसून म्हण, मी तुझ्या तोंडाकडे बघते. त्यावर ती रडली. बाईने मला तेही सांगितलं.

लेकीवर मी रागावलेले नाही. नाही म्हणणं काय असतं ते मला चांगलं माहीत आहे. ती जे म्हणेल ते शेवटी मला ऐकून घ्यावं लागेल, कारण तेव्हा मी नसेन आणि ती असेल. पण त्याआधी तिने त्या लांब खोलीत माझ्याबरोबर एकदा यावं, एवढं मी मागणार आहे. पडदे शिवून झाले आहेत. लावायला दोन माणसं लागतात.

ती रविवारी येते आहे. नाही म्हणूनच येते आहे, असा जावयांचा निरोप आहे आणि माझाही तोच अंदाज आहे. सोमवारी तिला कामावर हजर व्हायचं आहे म्हणे. मी तिला जास्तीचे कपडे घेऊन यायला सांगितलं आहे.

अक्का